बर्फ फुटेपर्यंत

सकाळी उठल्याबरोबर आईचा पहिला प्रश्न बर्फाबद्दल असायचा. "फुटला का?" तोंडात ब्रश, बाथरूमचं दार अर्धं उघडं, आणि बाहेर डायनिंग टेबलाशी पप्पा लॅपटॉपसमोर बसलेले. "नाही," पप्पा म्हणायचे. मग चूळ भरल्याचा आवाज यायचा, गॅस पेटवल्याचा आवाज यायचा आणि आमचा दिवस सुरू व्हायचा. अजमानच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही बरीच वर्षं राहिलो, पण मला तो आठवतो तो त्या एकाच हिवाळ्यातला आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यातला. खाली कॅफेटेरिया होता, तिथल्या करक चहाचा वेलचीचा वास जिन्यातून वर यायचा. मागच्या बाजूला मशीद होती, आणि हॉलच्या खिडकीतला एसी इतका खडखडायचा की अजान सुरू झाली की आई तो बंद करायची. ती म्हणायची, दोन्ही आवाज एकदम ऐकू आले की डोकं उठतं. आम्ही वसईचे ख्रिस्ती. घरात भिंतीवर येशूचं पवित्र हृदय, त्याच्याखाली लाल बल्ब, आणि त्या बल्बखाली डायनिंग टेबल. त्या टेबलावर, जेवणाच्या ताटांच्या मधोमध, कॅनडातलं एक तळं उघडं असायचं.

माझा भाऊ नील त्या तळ्यात होता.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. तेव्हा आम्ही असं कधी म्हटलं नाही. आई म्हणायची, "नील तिथं आहे." पप्पा म्हणायचे, "नीलची केस." चर्चमधले लोक "नीलचं ते झालं ना" असं म्हणून पुढचं गिळायचे. नील माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. दुबईत एका हॉटेलात फ्रंट डेस्कवर होता, पण त्याला इथं राहायचं नव्हतं. इथं आपण कायम पाहुणे, असं तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं. कॅनडात उत्तरेकडच्या लहान गावांना माणसं हवी असतात, तिथं काही वर्षं काढली की कायमचं राहता येतं, हे त्याला कुणीतरी सांगितलं. तो गेला. एका मोटेलमध्ये काम मिळालं, मार्लीन नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या घरी वरची खोली मिळाली. त्याच्या व्हिडिओ कॉलमध्ये मागे नेहमी तिची पिवळी मांजर असायची. "बघ मेरू, इट्स लाइक लिव्हिंग इनसाइड अ फ्रीजर," तो मला हसत म्हणायचा. आम्ही भावंडं एकमेकांशी इंग्रजीतच बोलायचो. मराठी आई-पप्पांसाठी होती, ओरडा खायला आणि जेवायला मागायला. आज मला त्याच्या आवाजातलं एकही मराठी वाक्य नीट आठवत नाही, याचं फार वाईट वाटतं.

त्या गावात हिवाळा सुरू झाला की तळं गोठतं आणि मोटेलकडून बाजाराकडे जायला लोक किनाऱ्याच्या रस्त्याऐवजी सरळ तळ्यावरून चालत जातात. सगळे जातात. पण नुकतं गोठलेलं असताना कुठून जायचं आणि कुठून नाही, हे तिथल्या माणसांना लहानपणापासून माहीत असतं. एका जागी नदी येऊन मिळते आणि तिथं खालून पाणी वाहत असल्यामुळे बर्फ पातळ राहतो. नाताळच्या काही दिवस आधी, दुपारची शिफ्ट संपवून नील एकटा निघाला. त्याच्या बुटांचे ठसे किनाऱ्यावरून निघून त्या जागेपर्यंत गेले होते. पुढे एक करडं भोक होतं आणि त्याच्या कडेला त्याची लाल लोकरी टोपी. पाणबुडे आले, त्यांनी शोधलं. मग वादळ आलं, थंडी आणखी वाढली आणि भोक बंद झालं. पोलिसांनी फोनवर सांगितलं की आता काही करता येणार नाही. बर्फ मेच्या शेवटी फुटतो, तेव्हा होड्या घालून शोधू. पप्पांनी मला विचारलं, "मेच्या शेवटी म्हणाला का तो?" मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं.

त्या वर्षी आमच्याकडे नाताळ झाला नाही, पण आईने फुगे, आमच्याकडचे नाताळचे गोड गोळे, तळले. का तळले ते तिलाही सांगता आलं नसतं. सवयीने पीठ भिजवलं असेल, रात्रभर ते फुगलं असेल आणि सकाळी टाकून देववलं नसेल. ती तळत राहिली, मी पेपरवर काढत राहिले आणि भरलेलं पातेलं शेजारच्या जोशी काकूंकडे नेऊन दिलं. जोशी काकू पुण्याच्या. त्यांनी पातेलं घेतलं आणि दारातच रडायला लागल्या. मी मात्र रडले नाही. मला तेव्हा वाटायचं की रडायचा हक्क बर्फ फुटल्यावर मिळणार आहे. घरात सगळ्यांनाच तसं वाटत असावं. प्रार्थनासभा ठेवायची तर कशाची ठेवायची? फादर म्हणाले, तुम्ही म्हणाल तेव्हा चर्चमध्ये त्याच्या आत्म्याच्या शांतीची मिस्सा करू. आई म्हणाली, "पहिल्यांदा त्याला येऊ दे."

कॅमेऱ्याचा शोध पप्पांना लागला. तळ्याच्या काठी मासे पकडायला येणाऱ्या लोकांसाठी एक लॉज होतं. त्यांनी आपल्या धक्क्यावर कॅमेरा लावला होता, आणि कुणालाही घरबसल्या तळं दिसायचं. चित्र हलायचं नाही, थोड्या थोड्या वेळाने बदलायचं. पांढरं तळं, वर पांढरं आकाश, उजव्या कोपऱ्यात एक लाकडी खांब. आमच्याकडे संध्याकाळ झाली की तिकडे सकाळ व्हायची. पप्पा हमरियाहून, कामावरून, सातला घरी यायचे, बूट काढायचे आणि बसायचे. जेवण तिथंच. आईने बोंबलाचं कालवण केलेलं असायचं, ते पप्पांच्या ताटात गार व्हायचं. "जेवा ना," आई म्हणायची. "हो, एक चित्र बदलू दे," पप्पा म्हणायचे. बदललेलं चित्र आधीच्यासारखंच असायचं. मला ते पाठ झालं होतं. आजही डोळे मिटले तर मला अजमानचं ते घर दिसायच्या आधी तो खांब दिसतो.

पप्पा शिकत गेले. हमरिया फ्री झोनमध्ये गोठवलेले मासे आणि कोंबड्या आणणारी एक कंपनी होती, तिथं ते स्टोअर इन-चार्ज होते. रोज डिलिव्हरीचे कागद हातावेगळे करणारा माणूस, कधी एक पुस्तक वाचलेलं मला आठवत नाही. ते आता तळ्यांवर वाचायला लागले. उपग्रहाचे फोटो कुठं मिळतात ते शोधून काढलं. ढग असले की त्यात काही दिसायचं नाही, मग दिवसभर चिडचिड. मार्लीन आठवड्यातून एकदा फोन करायची. तिचा आवाज घोगरा आणि संथ होता, आणि ती कधी "आय अ‍ॅम सॉरी" म्हणायची नाही. ती हवा सांगायची. आज वारा दक्षिणेचा आहे. आज सूर्य निघाला. बर्फावरचा भुसभुशीत थर वितळून पुन्हा गोठलाय. पप्पा कान देऊन ऐकायचे, मध्येच मला म्हणायचे, "विचार, काठाला पाणी सुटलं का?" पहिल्यांदा काठाला पाणी सुटतं, हे त्यांना ठाऊक झालं होतं. मग मधला बर्फ करडा होतो, मग काळा, आणि काळा झाला की तो आतून सुट्या सुट्या काड्यांचा झालेला असतो. एका वाऱ्यात जातो. हे ते आम्हाला जेवताना समजावून सांगायचे, बोटांनी दाखवत, आणि आई ताटाकडे बघत भात कालवायची.

एकदा मार्लीनने एक रेकॉर्डिंग मेल केलं. कडक थंडीत तळं आवाज करतं, ताणलेली तार सोडावी तसा, आणि त्याच्यामागून लांबून कुणी कण्हल्यासारखा. तिला वाटलं असेल, मुलाच्या तळ्याचा आवाज आईला ऐकवावा. पप्पांनी लावलं. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि ऐकत उभी राहिली. संपल्यावर म्हणाली, "परत लावा." परत लावलं. मग तिने अगदी हळू, जोशी काकूंना डबा परत केला का असं विचारावं तशा आवाजात विचारलं, "तो नाही ना?" पप्पांनी लॅपटॉप बंद केला. "रोझी, बर्फ आहे तो. बर्फ प्रसरण पावतो." त्यांनी तो शब्द शाळेतल्यासारखा उच्चारला. आई म्हणाली, "बरं." त्या संध्याकाळी आम्ही जपमाळ म्हटली नाही. आईला सुरुवातच करता आली नाही.

आई एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर होती. इंग्रजी, हिंदी, मोडकंतोडकं अरबी, सगळं तिला यायचं. पेशंट मोठ्याने बोलला तर तीही मोठ्याने बोलायची. त्या हिवाळ्यात ती कामावर एकही दिवस गैरहजर राहिली नाही. केस नीट, लिपस्टिक नीट. पण घरी आल्यावर तिला एकच गोष्ट सतावायची, आणि ती म्हणजे थंडी. आम्ही गल्फमध्ये वाढलेलो. आमच्या कपाटात एकही धड स्वेटर नव्हता. "किती थंड असेल?" ती विचारायची. पप्पा आकडा सांगायचे. "आकडा नको. किती थंड?"  मग प्रायश्चित्तकाळाच्या सुरुवातीला, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन घरी आल्यावर, ती म्हणाली, "मला तुमच्या कोल्ड स्टोअरमध्ये घेऊन चला."

"वेड लागलंय का? तिथं बाहेरच्यांना सोडत नाहीत."

"तुमच्या मॅनेजरला विचारा."

पप्पांचा मॅनेजर मिस्टर हानी नावाचा इजिप्शियन होता, जाडजूड, सतत शिंकणारा. त्याने पप्पांना डेस्कवर तळं बघताना कितीदा तरी पकडलं होतं आणि काही बोलला नव्हता. पप्पांनी विचारल्यावर त्याने म्हणे थोडा वेळ छताकडे बघितलं आणि गेट पास काढला. मला शनिवारी शाळा नसायची, मीही गेले. अजमानहून हमरिया जवळच. समुद्राच्या बाजूने रस्ता, क्रेन, टँकर, रिकामी वाळू. आई पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती, मुलाखतीला निघाल्यासारखी. गेटवर मिस्टर हानी स्वतः आला. "अहलान, मदाम," तो म्हणाला, आणि पप्पांना, "यल्ला, फाइव्ह मिनिट्स. ओन्ली फाइव्ह." आम्हाला निळी जाड जॅकेटं दिली. आईच्या जॅकेटच्या बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या.

आत आधी पांढरा उजेड आणि पंख्यांचा आवाज. मग थंडी. मला आठवतंय की नाकातले केस ताठ झाल्यासारखे वाटले आणि मला हसू आलं. छतापर्यंत खोके रचलेले, त्यांच्यावर माशांची चित्रं. आई मधोमध जाऊन उभी राहिली. तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

"तिथलं पाणी असंच असेल?" तिने विचारलं.

"पाणी इतकं थंड नसतं," पप्पा म्हणाले. "इतकं थंड झालं तर त्याचा बर्फच होईल. बर्फाच्या खाली पाणी असतं ते याच्यापेक्षा गरम. अगदी तळाशी तर आणखी थोडं."

"याच्यापेक्षा गरम?"

"हो."

आईने जॅकेटची चेन खाली ओढली. आम्हाला काही कळायच्या आत तिने ते अंगावरून काढून खाली टाकलं. आत तिचा नेहमीचा सुती सलवार कमीज होता, कोपरापर्यंतच्या बाह्यांचा. "रोझी!" पप्पा ओरडले. तिने हात वर करून त्यांना थांबवलं. "थांबा. जरा कळू दे." ती हात शरीरापासून थोडे लांब धरून उभी राहिली, डोळे मिटून. तिचे दात वाजायला लागले. पप्पा जॅकेट उचलून तिच्या खांद्यावर घालायला गेले, तिने ते झटकलं. मला त्या क्षणी आईची भीती वाटली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, ती फक्त लक्ष देत होती, जसं ती मासे घेताना कल्ले बघायची तसं. मग पप्पांनी तिला सरळ दोन्ही हातांनी धरलं आणि बाहेर आणलं.

बाहेर ऊन होतं. तिच्या चष्म्यावर वाफ धरली, तिला काही दिसेना. फुटपाथच्या कडेवर आम्ही तिला बसवलं. ऊन अंगावर असूनही ती कितीतरी वेळ थरथरत होती. मिस्टर हानी स्वतः चहा घेऊन आला, त्यात खूप साखर घातली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, त्या देहाने त्याला ते जमत नव्हतं. "मदाम," तो म्हणाला, "इन्शाल्ला..." त्याने कप तिच्या हातात दिला आणि तिची बोटं कपाभोवती नीट दाबून धरली.

त्या दिवसानंतर आईने "फुटला का?" विचारणं बंद केलं.

आम्हाला वाटलं ती थकली. पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, सण आला आणि गेला, शाळा सुरू झाली, माझं बारावीचं वर्ष. उन्हाळा चढायला लागला. एप्रिलअखेर सकाळी आठलाच जिन्याचा कठडा तापायचा. त्याच दिवसांत तळ्याच्या चित्रात काठाला एक काळी रेघ दिसायला लागली. पप्पांनी मला बोलावून दाखवली, बोट स्क्रीनला लावून. काठाला पाणी सुटलं होतं. ते दिवसेंदिवस रुंद होत गेलं. पप्पांनी कॅनडाच्या व्हिसाचे कागद केव्हाच दिले होते, उत्तर येत नव्हतं. त्यांनी तरीही बॅग काढून ठेवली. जोशी काकूंकडून त्यांच्या मुलाचं जाड जाकीट आणलं. बर्फ करडा झाला. पप्पा आता जेवताना भराभर जेवायचे आणि मध्येच उठून लॅपटॉपशी जायचे. एकदा मी त्यांना दाढी करताना शीळ घालताना ऐकलं. ते लगेच थांबले.

आणि एका सुट्टीच्या शुक्रवारी, मिस्सा आटपून आल्यावर, आई पापलेट साफ करता करता म्हणाली, "आणखी थोडे दिवस राहिला तर बरं."

"काय?" पप्पा हॉलमधून म्हणाले.

"बर्फ."

पप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले. "काय बोलतेस तू? इतके महिने कशासाठी बसलोय आपण? तुला पोरगा नको का?"

आईने सुरी खाली ठेवली. "मला पोरगा हवाय. तुम्ही जे शोधताय ते मला नकोय."

"असं कसं बोलतेस? त्याला तसाच ठेवायचा तिथं?"

"मी बघितलंय तुमच्या खोक्यांत. सहा महिन्यांनी मासा बाहेर काढता तेव्हा कसा दिसतो ते मी बघितलंय." तिचा आवाज चढला नव्हता. "बर्फ आहे तोवर तो जसा गेला तसा आहे. लाल टोपीवाला. तुम्ही होड्या घालणार, काहीतरी काढणार आणि मला म्हणणार, बघ, हा तुझा नील. मी नाही बघणार."

 पप्पांनी हॉलमध्ये जाऊन लॅपटॉप उचलला आणि तो बेडरूममध्ये नेला. त्यानंतर तळं टेबलावर कधी उघडलं नाही. दोघं एकाच घरात, एक जण फुटावा म्हणून जीव टाकत होता आणि दुसरी राहावा म्हणून जपमाळ ओढत होती, एकाच देवाकडे. मी मध्ये केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन बसायचे. मला कुणी विचारलं नाही की तुला काय हवंय. विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. मला दोघंही बरोबर वाटायचे. आईच्या तेव्हाच्या वयाची मी आता झालेय, मला स्वतःचा मुलगा आहे, तरी आजही मला तसंच वाटतं.

बर्फ गेला त्या दुपारी घरात मी एकटी होते. शाळेची बस अडीचला सोडायची. बाहेर इतकं ऊन होतं की बसपासून लिफ्टपर्यंत येईतो युनिफॉर्म पाठीला चिकटला. मी एसी लावला, फ्रीजमधलं ताक प्यायले आणि पप्पांच्या खोलीत जाऊन लॅपटॉप उघडला. असं मी रोज करत नव्हते. मार्लीनने आदल्या दिवशी सांगितलं होतं की बर्फ पूर्ण काळा झालाय आणि वारा सुटणार आहे. तिकडे नुकतं उजाडत होतं. चित्रात तळं शाईसारखं होतं. मला वाटलं पाणीच आहे. मग पुढचं चित्र आलं आणि त्यात एक लांब उभी भेग होती. त्याच्या पुढच्या चित्रात भेगेचा डावा भाग सरकलेला. मी खुर्ची ओढून बसले. वारा खांबाच्या बाजूने येत असणार, कारण बर्फ पलीकडच्या काठाकडे जात होता, तिथं जाऊन एकावर एक चढत होता, काचांच्या ढिगासारखा. मधल्या चित्रांमध्ये काय घडलं ते दिसायचं नाही. दर वेळी थोडं कमी असायचं. आवाजही नव्हता. आवाज मार्लीनने नंतर सांगितला, की लाखो काचेच्या बांगड्या एकदम ओतल्यासारखा होता, म्हणजे तिने झुंबरं म्हटलं होतं, बांगड्या माझ्या. मी हललेसुद्धा नाही. मागच्या मशिदीत असरची, दुपारची, अजान झाली आणि एसी बंद करायचं माझ्या लक्षात आलं नाही. अजान संपली तेव्हा चित्रात पाणी होतं. निळं, उन्हात चमकणारं, वाऱ्याने बारीक सुरकुत्या पडलेलं साधं पाणी. एक बदक होतं. सहलीला जावं अशी जागा वाटत होती. आणि मला पहिल्यांदा कळलं की हे खरंच घडलंय. इतके महिने मी एक पांढरं चित्र बघत होते, तळं नव्हतेच बघत. तळं हे होतं. यात तो पडला होता.

आई साडेपाचला आली. तिने चपला काढल्या, माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. "गेला?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती बेसिनपाशी गेली, साबण लावून हात धुतले, पुसले आणि खोलीत येऊन स्क्रीनसमोर उभी राहिली. खूप वेळ. "किती चांगलं दिसतंय," ती म्हणाली. तिच्या आवाजात जो राग होता तसा मी त्यानंतर कधी ऐकला नाही. सातला पप्पा आले, त्यांना हमरियातच कळलं होतं, धावत जिना चढून आलेले. त्यांचा चेहरा आनंदी होता. दुसरा शब्द नाही त्याला. पाच महिने ज्याची वाट बघितली ते झालं होतं, आणि बिचाऱ्या माणसाचा चेहरा क्षणभर हे विसरला होता की पुढे काय आहे. मग त्यांनी आईला बघितलं.

शोध सुरू झाला. दोन होड्या होत्या आणि पाण्याखालचं दाखवणारं यंत्र. पप्पांचा व्हिसा आलाच नाही, म्हणून आम्ही इथंच, फोनजवळ. रोज संध्याकाळी पोलीस अधिकारी फोन करायचा, तरुण वाटायचा, नीलच्याच वयाचा असेल. काल या बाजूला शोधलं, काही नाही. काल नदीच्या तोंडाशी, काही नाही. कॅमेऱ्यात कधीकधी होडी दिसायची, नखाएवढी. आई आता पुन्हा बघायला लागली होती, पप्पांच्या शेजारी बसून. एकदा होडी बराच वेळ एकाच जागी थांबली. चित्र बदललं, तिथंच. पुन्हा बदललं, तिथंच. पप्पांनी आईचा हात धरला. दुसऱ्या दिवशी फोन आला, यंत्राला एक झाडाचा ओंडका लागला होता.

जून संपता संपता त्याने सांगितलं की शोध थांबवतोय. फोन स्पीकरवर होता, टेबलावर, आम्ही तिघं भोवती. तो नीट, सावकाश बोलला. तळं तिथं फार खोल आहे आणि खाली कायम थंड. उबदार पाण्यात जे वर येतं ते अशा पाण्यात येत नाही. खालून प्रवाह आहे, नील कुठंही गेला असू शकतो. पुन्हा कुणाला काही दिसलं तर ते कळवतील. "आय अ‍ॅम व्हेरी सॉरी," तो म्हणाला. पप्पांनी "थँक यू सर" म्हटलं. त्यांनी त्याला थँक यू म्हटलं हे मला सहन झालं नाही, मी उठून खिडकीशी गेले. खाली पार्किंगमध्ये एक माणूस गाडीवरची धूळ पुसत होता. पप्पांचा हात फोन बंद करायला पुढे आला.

"वन मिनिट," आई म्हणाली. तिचा क्लिनिकमधला आवाज. "आय हॅव वन क्वेश्चन. व्हॉट इज अ‍ॅट द बॉटम? डाउन. इज इट रॉक?"

 तो म्हणाला, बरंचसं खडकच आहे, मॅम. दगडगोटे. मग म्हणाला, मध्ये जिथं अगदी खोल आहे तिथं चिखल आहे. माती. बारीक, मऊ माती. यंत्र तिथं नीट दाखवत नाही.

"अँड यू डिड नॉट फाइंड हिम ऑन द रॉक."

"नो, मॅम. वुई लुक्ड व्हेरी केअरफुली."

"थँक यू," आई म्हणाली, आणि तिनेच फोन बंद केला.

आमच्याकडे वसईत माणूस गेला की सगळे जण कबरीवर मूठ मूठ माती टाकतात. घरच्यांनी आधी, मग गावाने. माती दिली, असं म्हणतात. न देता कुणाला सोडत नाहीत. आई टेबलाकडे बघत होती. पप्पा तोंडावर हात घेऊन बसले होते.

"खोलात माती आहे म्हणाला," आई म्हणाली.

पप्पांनी हात काढला. "हो."

"मग तिथंच असेल."

मला वाटलं पप्पा काहीतरी सांगतील. प्रवाहाचं, कुठंही गेला असेल याचं, त्यांना आता तळ्याबद्दल सगळं माहीत होतं. त्यांनी तोंड उघडलंही. मग आईकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले. "तिथंच असेल. मातीत."

आई उठली आणि तिने मला जवळ ओढलं, महिन्यांनंतर पहिल्यांदा. तिच्या अंगाला क्लिनिकच्या सॅनिटायझरचा वास येत होता. मी रडायला लागले. ती माझी पाठ थोपटत राहिली आणि माझ्या डोक्यावरून पप्पांना म्हणाली, "फादरना फोन करा. मिस्सा सांगायचीय."